फिकट जिल्ह्यांची शाबासकी

पावसाळा आला की एक नकाशा हमखास छापून येतो. महाराष्ट्राचे जिल्हे त्यात तांबडे, नारिंगी, पिवळे, हिरवे असे रंगवलेले असतात आणि कोपऱ्यात डेंग्यूच्या किंवा हिवतापाच्या रुग्णांचे आकडे असतात. हा नकाशा पुढे आढावा बैठकीत पोचतो. तांबड्या जिल्ह्याच्या हिवताप अधिकाऱ्याला उभं करून जाब विचारतात. फिकट जिल्ह्याचा अधिकारी शांतपणे चहा पितो, आणि साहेब खूश असतील तर त्याला शाबासकीही मिळते.

या रिवाजामागे एक युक्तिवाद आहे आणि तो मांडणारी माणसं मूर्ख नाहीत. त्यांतल्या कित्येकांची हयात साथी आटोक्यात आणण्यात गेली आहे. ते म्हणतात, जिथे रुग्ण जास्त तिथे रोग जास्त. जिथे रोग वर्षानुवर्षं जास्त तिथे यंत्रणा सुस्त. तेव्हा रुग्णसंख्येचा नकाशा काढा आणि चारचौघांत टांगा, म्हणजे लाजेकाजेस्तव का होईना, कामं होतील. अलीकडे यात एक पुरवणी जोडली गेली आहे. उपग्रहाची चित्रं आणि पावसा-तापमानाचे आकडे संगणकात घाला, म्हणजे हाच नकाशा दोन महिने आधीही काढता येईल.

मला यातली पहिलीच पायरी मान्य नाही. आपण जो नकाशा टांगतो त्यावर रोग किती हे दिसत नाही. रोग शोधायला कोण किती फिरलं, हे दिसतं.

हिवताप खात्यात एक मोजमाप अनेक दशकं चालत आलं आहे. हजार लोकवस्तीमागे वर्षभरात किती जणांच्या रक्तात हिवतापाचे जंतू सापडले, त्याचा हा आकडा. सगळे त्याला ‘एपीआय’ म्हणतात. तो एकच्या वर गेला की जिल्हा काळजीचा, खाली आला की सुटला. आता उदाहरणादाखल प्रत्येकी एक लाख वस्तीचे दोन तालुके घेऊ. पहिल्यात आरोग्यसेवक आणि आशाताई पाड्यापाड्यावर गेल्या, २०,००० काचपट्ट्या घेतल्या, त्यांत २०० रुग्ण सापडले. एपीआय झाला २. दुसऱ्यात निम्मी पदं रिकामी, काचपट्ट्या २,०००, रुग्ण ६०. एपीआय ०.६. नकाशावर पहिला तालुका तांबडा आणि दुसरा हिरवा. पण शंभर काचपट्ट्यांमागे पहिल्यात एक रुग्ण सापडला, दुसऱ्यात तीन.

यावर कुणी म्हणेल, दुसऱ्या तालुक्यात फक्त तापाने फणफणलेलेच तपासले असतील, म्हणून प्रमाण जास्त दिसतं. असेलही. नसेलही. नकाशावरून ते कळत नाही, हीच तर माझी तक्रार आहे. वर्षाकाठी निदान १० टक्के लोकांचं रक्त तपासावं असा खात्याचाच जुना दंडक आहे. पण दहा टक्के भरले की नाहीत, हा आकडा रंगाच्या शेजारी छापलेला मी कधी पाहिला नाही. मग ज्याने मूठ झाकली त्याची सव्वा लाखाची ठरते आणि ज्याने उघडली तो उभा राहून बोलणी खातो.

हिवतापात निदान काचपट्ट्यांचा हिशोब कुठेतरी वहीत असतो. डेंग्यूची तऱ्हा याहून वाईट. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात माझ्या पुतणीला ताप भरला. अंग मोडून आलं, डोळ्यांमागे ठणका. गल्लीतल्या डॉक्टरांनी झटपट चाचणीच्या पट्टीवर रक्त तपासलं, पट्टीवर दुसरी रेघ उमटली, पाच दिवस पाणी-सरबतावर काढून पोरगी बरी झाली. त्याच गल्लीत त्या महिन्यात आणखी चार-पाच जण तसेच आजारी पडले. सरकारी नोंदीत यांतला एकही नाही. हा कुणाचा गलथानपणा नाही, नियमच तसा आहे. झटपट पट्टीवरचं निदान शासन खात्रीचं धरत नाही. एलायझा पद्धतीची चाचणी व्हायला हवी, तीही शासनाने नेमलेल्या देखरेख केंद्रांत. तिथला अँटिबॉडी तपासण्याचा संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडून येतो. शास्त्र म्हणून हा नियम अगदी योग्य आहे, कारण पट्टी चुकते. पण या नियमाचा अर्थ असा की, ज्या तालुक्यापासून देखरेख केंद्र एसटीने तीन तासांवर आहे तिथे डेंग्यू ‘होत’ नाही.

ही गळती केवढी? डोनाल्ड शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अंदाज मांडला, त्यासाठी मदुराई जिल्ह्यात बारकाईने पाहणी केली होती. २००६ ते २०१२ या काळात भारतात डॉक्टरांनी निदान केलेले डेंग्यूचे रुग्ण वर्षाला सरासरी ५८ लाखांच्या घरात असावेत, असं त्यांचं गणित. सरकारी नोंद होती वर्षाला सुमारे २० हजारांची. म्हणजे एका नोंदीमागे २८२ रुग्ण. हिवतापाच्या मृत्यूंवरून २०१० मध्ये असाच वाद पेटला होता. घरोघरी जाऊन मृत्यूची लक्षणं विचारण्याच्या पाहणीवरून ‘लॅन्सेट’मधल्या निबंधाने वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार मृत्यूंचा अंदाज दिला. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज १५ हजारांचा आणि सरकारी नोंद हजाराच्या आसपास. संघटनेने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला, आणि आक्षेपात तथ्य होतं. कारण मेलेल्या माणसाचा ताप हिवतापाचाच होता, हे नातेवाइकांच्या सांगण्यावरून ठरवणं कठीण. तरी हजार आणि दोन लाख यांच्यामधली दरी एवढ्या आक्षेपाने बुजत नाही.

आता प्रतिपक्षाचा सगळ्यात धारदार मुद्दा. ते म्हणतात, ठीक आहे, नोंदी कमी होतात. पण सगळीकडेच कमी होत असतील तर नकाशाचं काय बिघडतं? सगळे आकडे २८२ पट करा, तांबडा तांबडाच राहील आणि हिरवा हिरवाच.

मुद्दा बिनतोड ठरला असता, गळती सगळीकडे सारखी असती तर. ती तशी नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने १५ राज्यांत एक पाहणी झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णांची वाट न पाहता तिने ५ ते ४५ वयाच्या साध्या, धडधाकट माणसांचं रक्त तपासलं आणि डेंग्यू कधीतरी होऊन गेल्याच्या खुणा शोधल्या. देशभरात ४८.७ टक्के लोकांच्या रक्तात त्या सापडल्या. ईशान्येत अवघ्या ५ टक्क्यांच्या आसपास, दक्षिणेत तीनचतुर्थांशांहून जास्त. शहरांत प्रमाण अधिक, हे अपेक्षितच होतं. पण खेड्यांतही ते ४० टक्क्यांच्या वर निघालं. डेंग्यू हा गच्चीवरच्या टाक्यांचा आणि फ्लॅटमधल्या कुंड्यांचा शहरी आजार, अशी जी आपली ठाम समजूत आहे, ती बरीचशी देखरेख केंद्रांच्या पत्त्यांवरून झालेली आहे.

झिकाचं उदाहरण तर हाताशीच आहे. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला. गावात तापाचे रुग्ण वाढले, नमुने विषाणू संस्थेत गेले आणि तिथे झिका उजेडात आला. पुढे २०२४ मध्ये राज्यात नोंदलेल्या झिका रुग्णांपैकी बहुतेक पुण्याचे. आता विचारा स्वतःला : झिका वाहणाऱ्या एडिस डासाला पुणे विशेष आवडतं का? की देशातली विषाणूंची सगळ्यात नावाजलेली संस्था १९५२ पासून पुण्यात आहे, तिथवर नमुना पोचायला रिक्षा पुरते आणि गर्भवतींचं रक्त मुद्दाम तपासायचं ठरवलं गेलं, म्हणून पुणं तांबडं झालं? पुण्याने काम केलं त्याचा तो रंग आहे. त्याच महिन्यांत झिका परभणीत नव्हता असं छातीठोकपणे कोण सांगेल?

‘जागांची तुलना सोडा, निदान एकाच जागेची दरसालची चढउतार तरी खरी ना?’ तीही नाही. देशात २०१९ मध्ये डेंग्यूचे दीड लाखाहून जास्त रुग्ण नोंदले गेले, २०२१ मध्ये १ लाख ९३ हजार. मधल्या २०२० मध्ये फक्त ४४ हजार ५८५. त्या वर्षी डास टाळेबंदी पाळत होते काय? शाळा-कचेऱ्या बंद राहिल्याने प्रसार खरोखरच थोडा घटला असेल, तसं सुचवणारा अभ्यासही आहे. पण ताप आला तरी कोविड सेंटरच्या धास्तीने माणसं घरातच पडून होती आणि प्रयोगशाळा दुसऱ्याच विषाणूच्या मागे लागल्या होत्या, हेही आपण डोळ्यांनी पाहिलंय. यांतलं काय किती, हे त्या आलेखावरून कुणालाही सांगता येणार नाही. तो आलेख मात्र सादरीकरणांत अजून दिमाखात फिरतो.

जिल्हा हे एककही असंच फसवं. गडचिरोली म्हटलं की अख्खा जिल्हा गडद रंगवतात, कारण राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांत त्याचा वाटा मोठा. पण वडसा-आरमोरीकडचा भातशेतीचा सपाट मुलूख आणि छत्तीसगडला खेटून असलेलं भामरागड-एटापल्लीचं जंगल यांत एवढा फरक आहे की दोन्हींची सरासरी काढून मिळणारा आकडा कोणत्याच गावाचा नसतो. शिवाय भामरागडचा आकडा मोठा दिसतो त्याचं एक कारण असंही आहे की पावसाळ्यात ओढे-नद्या ओलांडून आरोग्य कर्मचारी तिथे जातात आणि रक्त घेतात. त्यांनी जाणं कमी केलं तर वर्षभरात जिल्ह्याचा रंग उतरेल. बैठकीत टाळ्याही पडतील.

रंग उतरवण्याचा धडा आपण एकदा घेतलेला आहे. स्वातंत्र्यानंतर डीडीटीची मोहीम जोरात होती. १९५३ साली नियंत्रणाचा आणि १९५८ साली निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि १९६५ साली रुग्ण लाखावर आले, मृत्यू शून्यावर. देशाचा नकाशा जवळजवळ कोरा झाला. कोऱ्या नकाशावर पैसे कोण खर्च करणार? पहारा ढिला पडला, फवारणी रेंगाळली, डास डीडीटीला पुरून उरले. १९७६ मध्ये रुग्ण होते ६४ लाखांहून जास्त.

मग पत्त्याचा घोळ. नोंदीत पत्ता रुग्णालयाचा तरी पडतो नाहीतर घराचा. डेंग्यूचा डास एडिस दिवसा चावतो आणि साधारणपणे जन्मभर शे-दोनशे मीटरच्या परिसरात उडतो. रोग गावभर नेतो तो माणूस. पेरूमधल्या इकीतोस शहरात झालेल्या अभ्यासात हेच दिसलं : कोण कुणाच्या घरी जातं-येतं यावरून डेंग्यूची वाट ठरते. माझी पुतणी दिवसाचे सात तास शाळेत असते. तिला डास घरी चावला की शाळेत, कुणी विचारलं नाही. विचारायला ती यादीतच कुठे होती? गोव्यात बांधकाम मजुरांना आरोग्य कार्ड सक्तीचं आहे, त्यासाठी त्यांचं रक्त तपासतात. हेतू चांगला. बांधकामावरच्या साठलेल्या पाण्यात हिवतापाचा डास वाढतो हेही खरं. पण ज्याचं रक्त सक्तीने तपासलं जातं त्याच्यातच रोग जास्त सापडणार, आणि मग ‘बाहेरचे मजूर मलेरिया आणतात’ हे चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत सिद्ध झाल्यासारखं बोललं जातं. तिथल्या डासाने त्या मजुराला गोव्यातच गाठलं असेल, ही शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही.

काळाचाही हिशोब मांडून बघा. डास चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस. दोन-तीन दिवस क्रोसिन. मग डॉक्टर, मग नमुना केंद्राकडे. एलायझाची प्लेट ९६ खळग्यांची असते, तिच्यापुरते नमुने गोळा होईपर्यंत लहान केंद्र थांबतं. निकाल वॉर्ड ऑफिसला पोचतो आणि मग गल्लीत धुराची गाडी येते. चावणारी मादी तोवर बहुधा मेलेली असते. हिवतापाच्या व्हायवॅक्स जातीत तर गंमत आणखी वाढते, कारण त्याचे जंतू यकृतात महिनोन्‌महिने दडून बसतात. एप्रिलमध्ये नोंदलेला ताप गेल्या दिवाळीतल्या चाव्याचा असू शकतो, आणि आपण त्याच्यावरून उन्हाळ्यातल्या डासांचा निष्कर्ष काढतो.

संगणकी भाकितांबद्दल माझा आक्षेप यातूनच येतो. भाकीत करणारं यंत्र शिकतं ते याच नोंदींवर. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्याला तुम्ही प्रयोगशाळांची ठिकाणं दाखवाल तर ते पाऊस आणि प्रयोगशाळा यांचा संबंध जोडून देईल, तोही तीन दशांश स्थळांपर्यंत. सगळेच असं करतात असं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२५ च्या सुरुवातीला पुण्यापुरता अभ्यास प्रसिद्ध केला. २७ अंशांच्या वरचं तापमान, बेताचा आणि हप्त्याहप्त्याने पडणारा पाऊस, ६० ते ७८ टक्के आर्द्रता यांनी डेंग्यू वाढतो, आणि आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर कोसळला तर अंडी-अळ्या वाहून जाऊन तो घटतो, असं त्यांनी दाखवलं. जोरदार पाऊस म्हणजे जोरदार डेंग्यू हा भाबडा समज त्याने मोडला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांनी आधाराला घेतले ते मृत्यूंचे आकडे. मृत्यूही निसटतात, पण रुग्णांइतके सहज नाही.

पाऊसच सगळं ठरवतो हे बार्शीला जाऊन सांगा. चिकुनगुन्या या देशात १९६३ साली कोलकात्यात आला, १९६५ साली चेन्नईत आणि १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. १९७२-७३ हे वर्ष महाराष्ट्रात काय होतं, हे साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. खडी फोडायची कामं, सुकडी, आटलेल्या विहिरी. पाणी नव्हतं म्हणून मिळेल ते रांजणात, पिंपात, हौदात जपून ठेवलं जात होतं, आणि एडिसला तेवढंच पुरतं. साथीचं सगळं खापर मी दुष्काळावर फोडत नाही. पण पर्जन्यमानाच्या नकाशावर त्या वर्षीची बार्शी सगळ्यात सुरक्षित दिसली असती. त्यानंतर तीन दशकं हा आजार नोंदींतून गायब झाला आणि २००६ साली १३.९ लाख संशयित रुग्ण घेऊन परतला. ती तीन दशकं नकाशा स्वच्छ होता.

‘मग काय, नकाशेच काढू नयेत?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. पाठोपाठ लंडनच्या जॉन स्नोची आणि कॉलराच्या पंपाची गोष्टही ऐकवतात. स्नोने मृत्यू मांडले होते आणि तो दारोदार फिरला होता, एवढं आठवण करून दिलं तरी पुरे. मला त्याच्यापेक्षा एक घरचं उदाहरण जवळचं वाटतं. १९०८ साली पंजाबात हिवतापाची भयंकर साथ आली. रिकर्ड ख्रिस्तोफर्स या लष्करी डॉक्टरने तिचा अभ्यास करून १९११ मध्ये अहवाल दिला. मृत्यू नोंदवायचा तो गावचा चौकीदार, आणि ती नोंद किती भरवशाची हे ख्रिस्तोफर्सला चांगलं ठाऊक होतं. म्हणून गावागावांचे आकडे एकमेकांशी ताडण्याच्या फंदात तो पडला नाही. प्रत्येक जागेचे साथीच्या महिन्यांतले तापाचे मृत्यू त्याच जागेच्या नेहमीच्या मृत्यूंच्या किती पट झाले, हे त्याने काढलं आणि ती पट नकाशावर उतरवली. चौकीदार निम्मेच मृत्यू लिहीत असेल तर तो नेहमीही निम्मेच लिहीत असणार. भागाकारात ती चूक उडून जाते. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, कागद-पेन्सिलीने.

पुढे १९२६ मध्ये त्याने सिंटन या सहकाऱ्याबरोबर भारताचा हिवतापाचा नकाशा काढला तेव्हाही दवाखान्यातल्या रुग्णांवर विसंबला नाही. मुलांची पोटं चाचपून किती जणांची पानथरी वाढली आहे हे मोजत, त्या आकड्यांवर तो नकाशा उभा आहे. दवाखाना असो-नसो, मूल सगळीकडे असतं. आज औषध लवकर मिळतं, पानथरी वाढेपर्यंत रोग थांबत नाही, तेव्हा ते माप जसंच्या तसं चालणार नाही. त्याच्या जागी रक्तातल्या खुणांची पाहणी आहे, ती दर काही वर्षांनी जिल्हावार करता येते. एवढं होईस्तोवर निदान रंगाशेजारी किती जणांना तपासलं तो आकडा छापा. यासाठी उपग्रह लागत नाही.

ख्रिस्तोफर्सने आणखी एक रकाना मांडला होता, त्याची वाच्यता फारशी होत नाही. पावसाच्या जोडीला त्याने धान्याचे भाव घेतले. अतिवृष्टी आणि महागाई एकत्र आली की साथ माणसं मारते, उपाशी शरीराला ताप झेपत नाही, असं त्याला दिसलं. इंग्रजांच्या नोकरीतला लष्करी डॉक्टर साम्राज्याच्या नकाशावर भुकेचा रकाना घालतो, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

आज तसा रकाना कोणता असेल, याबद्दल माझं मत पक्कं आहे. मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या कितीतरी गावांत नळाला चार, सहा, आठ दिवसांनी पाणी येतं. पाणी सुटायच्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरलं जातं, आणि एडिसच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ म्हणून आशाताई दारोदार सांगते. आठ दिवसांनी पाणी भरणारी बाई ते पिंप कोणत्या हिमतीने ओतून देईल? कोणत्या भागाला किती दिवसांआड पाणी, हे प्रत्येक नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाच्या वहीत लिहिलेलं असतं. तेवढं एक नकाशावर रंगवा. एलायझा नको, प्लेट भरायची वाट नको, देखरेख केंद्राचं अंतर नको. हा नकाशा अजून कुणी टांगलेला नाही, आणि का ते कळणं अवघड नाही. तो टांगला तर बैठकीत उभं राहावं लागणारा अधिकारी हिवताप खात्याचा नसेल.